लपवण्यासारखं नाही, म्हणून दाखवायचंच का?

साताऱ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'लपवण्यासारखं काही नसेल तर लोकेशन टाकायला कशाला भ्यायचं? सातारा एवढंसं, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. पोस्ट मित्रांनाच दिसते. उलट लेकीबाळींचं लोकेशन उघडं असेल तर त्या सुरक्षित राहतात.' वाचताना पटतं, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

सगळे ओळखतात हे खरं. पण शेजारच्या काकू मला बघतात, तशी मीही त्यांना बघते. घराला कुलूप दिसलं तर त्या लक्ष ठेवतात. कासच्या पठारावरून ठिकाणासकट टाकलेला सहकुटुंब फोटो कोण बघतंय, ते मला कळत नाही. त्याला मात्र घर रिकामं आहे हे कळतं. पहाटे यवतेश्वरचा घाट पळत चढणाऱ्यांना धोका आणखी मोठा. वाटेत भेटणाऱ्याला त्या एका सकाळचं दिसतं. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपवरचं खातं सगळ्यांना खुलं असेल तर निघायची वेळ, रोजचा रस्ता आणि नकाशावरची रेघ जिथून सुरू होते ते घराचं फाटक, सगळं महिनोन्‌महिने साठत जातं. सुरुवातीचा-शेवटचा टप्पा झाकायची सोय त्याच ॲपमध्ये आहे. हिल मॅरेथॉनच्या तयारीला लागलेल्या प्रत्येकानं ती आजच लावावी.

'लपवण्यासारखं काही नाही' हे तर सगळ्यात फसवं. स्ट्राव्हानं नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या वापरकर्त्यांच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यावर कुणाचंही नाव नव्हतं. तरी जानेवारी २०१८ मध्ये उघड झालं, की अफगाणिस्तान-सीरियातल्या काळ्याकुट्ट भागात उजळलेल्या रेघा म्हणजे लष्करी तळांवर पळणारे सैनिक. त्यांनी काय वाईट केलं होतं? व्यायाम केला होता. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव आहे. इथं तरी रजेवर आलेल्या जवानाला टॅग करण्याआधी त्याला विचारायची रीत पडायला हवी. आणि खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलंय. त्यासाठी काही लपवायचं असावं लागत नाही.

पोस्ट मित्रांनाच दिसते? कुणी एक स्क्रीनशॉट काढायचीच खोटी, ती कुणाकडेही पोचते.

राहिल्या लेकीबाळी. त्यांचं नाव पुढे करून हा मेसेज खपवला जातो, याचा मला खरोखर संताप येतो. मुलगी रात्री एसटीनं येत असेल तर तिनं आईला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन जरूर पाठवावं. ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येतं, निवडलेल्या माणसालाच दिसतं आणि मुदत संपली की बंद होतं. क्लासचं नाव, वेळ आणि ठिकाण टाकून रील सगळ्यांना दाखवणं ही वेगळी गोष्ट आहे. बाईचा पाठलाग करणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे, कारण अशी माणसं असतात. त्यांना तिच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक घरच्यांनीच, कौतुकाच्या पोस्टमधून, पुरवू नये.