ध्रुवताऱ्याने अर्धंच काम होतं

ताऱ्यांवरून जहाजाचं ठिकाण शोधण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण 'ध्रुवतारा दिसला की खलाशाला जहाज कुठे आहे ते कळतं' हे वाक्य जरा घाईत लिहिलंय. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची मोजली की मिळतो फक्त अक्षांश. आमच्या नागपुरात तो साधारण २१ अंशांवर दिसतो (सीताबर्डीच्या झगमगाटात सापडला तर!), कारण शहराचा अक्षांशच तेवढा. खरी डोकेदुखी रेखांशाची. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, नागपूर ७९ वर. म्हणून इथे सूर्य सरासरी १२ वाजून १४ मिनिटांच्या आसपास मध्यान्हीला येतो. समुद्रावर हाच हिशोब उलटा मांडायचा: सूर्य मध्यान्हीला आला की ठरलेल्या ठिकाणची वेळ दाखवणाऱ्या घड्याळात किती वाजले ते बघायचं आणि फरकावरून रेखांश काढायचा. त्याला घड्याळ नेमकं हवं. ४ सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्ताजवळ एक सागरी मैल गेला! इंग्लिश घड्याळजी जॉन हॅरिसनचं नेमकं घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर गेलं, तोवर बहुतेक जण अंदाजावरच चालायचे.

आणि हो, सेक्स्टंटने (ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचं उपकरण) मापताना तारा आणि क्षितिज दोन्ही दिसावं लागतं. म्हणून ताऱ्यांची मापं संधिप्रकाशात घेतात. लेखासोबतचं काळ्याकुट्ट रात्रीचं चित्र तेवढं बदला.