गरीब व्हा, पण पेमेंटच्या पानापुरतेच

हल्ली ऑनलाइन गेम विकत घेणं येरागबाळ्याचं काम नव्हे. त्याला भूगोल, अर्थशास्त्र आणि थोडा कोडगेपणा लागतो. इंदूरच्या मराठी माणसाकडे यातल्या पहिल्या दोन गोष्टी शाळेपासून असतात, तिसरी नातेवाइकांमुळे येते. सुदामानगरात, लोकमान्यनगरात किंवा रामबागेत राहणाऱ्या ज्या कुणाला ‘तोच गेम दुसऱ्या देशात अर्ध्या किमतीत मिळतो’ हे कळल्यापासून जेवण गोड लागत नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

स्टीम म्हणजे वॉल्व्ह कंपनीचं संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान, आणि स्टीमडीबी ही तिथल्या किमतींची नोंद ठेवणारी वेबसाइट. आधी स्टीमडीबी उघडा. एकाच गेमची किंमत सगळ्या चलनांत काढून, तुमच्या रुपयात बदलून तिथे मांडलेली असते. त्यातले आपल्याहून स्वस्त देश तेवढे वाचा. महाग देश वाचायचे नसतात. त्यात स्वित्झर्लंड, अमेरिका वगैरे मंडळी भेटतात आणि त्यांचे आकडे पाहून आपला राग उगाच पातळ होतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ अमेरिकेत 15 डॉलरला आणि आपल्याकडे 480 रुपयांच्या आसपास मिळतो, हे कुणी दाखवलंच, तर ‘तो तर आपला हक्कच आहे’ म्हणून पुढे जा. उपकार मानायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

राग नेमका कुठे काढायचा, तेही सांगतो. 2020 च्या शेवटी सोनीच्या प्लेस्टेशन 5 या गेम कन्सोलचे मोठे गेम अमेरिकेत 70 डॉलरला आले आणि भारतात 4,999 रुपयांना. तेव्हाच्या दराने डॉलरचे रुपये करून पाहा, जवळजवळ तोच आकडा येतो. म्हणजे ठरवणाऱ्याने इंदूरचा पगार, इंदूरचं भाडं यातलं काही पाहिलं नाही, फक्त गुणाकार केला. इथे मनसोक्त चिडावं. ‘आमच्यासारख्या गरीब देशाला हा भाव?’ असं विचारावं. मात्र त्याच संध्याकाळी अमेरिकेतल्या भावाचा फोन आला की ‘आपली अर्थव्यवस्था आता कुठल्या कुठे गेली आहे’ हेही सांगावं. दोन्ही वाक्यं तोंडपाठ हवीत, फक्त फोन कानाला असताना पहिलं निघता कामा नये.

तुलना करताना एक पथ्य पाळा. अमेरिकेतल्या दुकानात लिहिलेल्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, तो नंतर चढतो. आपल्या किमतीत 18 टक्के जीएसटी आधीच असतो. परदेशातून येणाऱ्या डिजिटल सेवांवर तो 1 जुलै 2017 पासून आहे. हे हिशेबात धरलं की फरक थोडा कमी दिसतो. म्हणून धरू नका.

घरातल्या मोठ्यांनी ‘एकाच वस्तूचे दोन भाव कसे?’ असं विचारलं तर त्यांना छप्पन दुकानच्या पोह्यांचा आणि विमानतळावरच्या पोह्यांचा भाव विचारा. तेवढ्याने भागलं नाही तर पिगू काढा. हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ. गिऱ्हाइकागणिक भाव बदलण्याचे तीन प्रकार त्यांनी 1920 सालीच मांडून ठेवले. तिसऱ्या प्रकारात गिऱ्हाइकांचे गट पाडायचे आणि ज्या गटाला जेवढं झेपतं तेवढं त्याच्याकडून घ्यायचं. गेमला हे फार सोयीचं. बनवायला कोट्यवधी लागतात, पण तयार झाल्यावर आणखी एक प्रत इंदूरला पाठवायला जवळजवळ काहीच लागत नाही. त्यामुळे 480 रुपये मिळाले तरी विकणाऱ्याचं नुकसान नाही, उलट जो गिऱ्हाईक 1,200 ला आलाच नसता तो आला. ‘सानंद’च्या नाटकाच्या मध्यंतरात चहाचा कप हातात धरून हे सांगितलंत तर लोक तुम्हाला नक्की प्राध्यापक समजतील.

अडचण एकच. गट पाडले की मध्ये कुंपण घालावं लागतं, नाहीतर श्रीमंत गटातले लोक गरिबांच्या रांगेत येऊन उभे राहतात. आणि ते येतातच. मी आता तुमच्या दादाबद्दल बोलणार आहे.

प्रत्येक इंदुरी मराठी कुटुंबाचा एक दादा न्यू जर्सीत असतो. डिसेंबरात येतो, सराफ्यात गराडूच्या गाडीवर घासाघीस करतो, ‘तिकडे अशी चव नाही’ म्हणतो आणि जाताना रतलामी शेवेची पाकिटं नेतो. सुट्टी संपल्यावर त्याचा फोन येतो.

“अरे, तो नवा गेम तिकडे अर्ध्या किमतीत आहे म्हणे. घे ना माझ्यासाठी. गिफ्ट कर.”

“दादा, जात नाही आता.”

“जात नाही म्हणजे? पूर्वी जायचा.”

पूर्वी जायचा, हे खरं. स्टीमवर गिफ्ट घेऊन ठेवता यायचं आणि मग सवडीने कुणालाही पाठवता यायचं. मे 2017 मध्ये वॉल्व्हने ती सोय काढली. आता दोन देशांच्या किमतींत फार फरक असला की गिफ्ट जातच नाही. दादाला हे समजावून सांगू नका. तो वर्षाला किती डॉलर मिळवतो हे काकूने भिशीत सगळ्यांना सांगितलेलं असतं, त्यामुळे त्याला भारताच्या गरिबीची सवलत का मिळत नाही हे पटवून देणं तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे. ‘नेटवर्क नाहीये’ म्हणा आणि फोन ठेवा.

आता तुमच्या स्वतःच्या स्थलांतराकडे वळू. दादाने भारतीय व्हावं हे गैर, पण तुम्ही अर्जेंटिनाचे व्हायला हरकत नसावी. काही वर्षं जगभरातल्या काटकसरी मंडळींचं ते आवडतं राष्ट्र होतं, दुसरं तुर्कस्तान. तिथलं चलन घसरत होतं आणि गेमच्या किमती पेसोत आणि लिऱ्यात जुन्याच राहत होत्या. पत्ता ब्यूनस आयर्सचा, पोटात जिलबी, असे पुष्कळ अर्जेंटिनी त्या काळात निपजले. 2021 मध्ये स्टीमने नियम कडक केला: देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल आणि तोही त्या देशातल्या पैसे भरण्याच्या साधनाने. मग 20 नोव्हेंबर 2023 पासून दोन्ही देशांच्या स्टीमवर डॉलर आला आणि तिथल्या खऱ्या रहिवाशांना अनेक गेम एका रात्रीत कैक पटींनी महाग झाले. वॉल्व्हने कारण दिलं विनिमय दराच्या अस्थिरतेचं. तुमच्यासारख्या पाहुण्यांचा उल्लेख नव्हता. सभ्य लोक आहेत.

या प्रसंगी करायचं काय, तर शोक. ‘आपला अर्जेंटिना गेला’ असं मित्रांना कळवावं. ब्यूनस आयर्सचा कुणी पोरगा आता गेमसाठी किती पैसे मोजतो, हा प्रश्न मनात येऊ देऊ नये. तो कझाकस्तानच्या किमती पाहण्यात व्यत्यय आणतो.

व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून इंटरनेटवर आलो आहोत असं भासवणारी सोय, वापरावं का, असंही पुष्कळ जण विचारतात. स्टीमच्या करारात स्पष्ट लिहिलं आहे की राहण्याची जागा लपवू नये. खातं बंद पडलं तर घेतलेले सगळे गेम हाताबाहेर जातात, ही जोखीम आहे. तेव्हा वापरू नका. पण जाता जाता एक मौज पाहा. सरकारने 2022 मध्ये ग्राहकांची माहिती जपून ठेवण्याचा नियम आणला, तेव्हा काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले आणि गिऱ्हाइकांना भारतीय पत्ता सिंगापुरातून द्यायला सुरुवात केली. भारतात असल्याचं सोंग आता सिंगापुरातून वठवलं जातं. मग स्वस्त देशात असल्याचं सोंग इंदुरातून वठवताना तुम्हालाच काय ती लाज वाटावी?

खजुरी बाजारातून इंजिनिअरिंगची पुस्तकं घेतलेल्यांना कुंपण नवं नाही. परदेशी लेखकाचं पुस्तक, पातळ कागद, आणि भारताच्या नि शेजारच्या दोन-चार देशांच्या बाहेर विकू नये अशी तंबी. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने घरच्यांकडून अशीच स्वस्त आवृत्त्यांची पुस्तकं मागवली आणि तिथे विकली. प्रकाशक कोर्टात गेला. 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याची बाजू उचलून धरली: पुस्तक एकदा रीतसर विकलं की पुढे विकण्याचा हक्क घेणाऱ्याचा. हे वाचून उत्साहाने गेमकडे धावू नका. गेम तुम्ही घेतलेलाच नसतो. पैसे भरून तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्नियाने तर 1 जानेवारी 2025 पासून दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला लावलं. थोडक्यात, पदवी मिळाल्यावर पुस्तक ज्युनिअरला विकता येतं, गेमचं मात्र तुमच्यामागे तुमच्या मुलांना देखील काही करता येणार नाही.

म्हणूनच, वरचा सगळा उपदेश बाजूला ठेवून एक बऱ्यापैकी कामाची गोष्ट: डिस्क. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आला तेव्हा डिस्कचा 49,990 ला होता आणि बिनडिस्कचा 39,990 ला. दहा हजार वाचले म्हणून ज्यांनी पेढे वाटले त्यांना पुढचा प्रत्येक गेम एकाच दुकानातून, त्या दुकानाच्या भावाने घ्यावा लागला. डिस्कवाल्याने 4,999 चा गेम घेतला, महिनाभर खेळला, हजार-दीड हजार कमी घेऊन दुसऱ्याला दिला. त्याने तिसऱ्याला. प्रादेशिक किंमत कंपनीने ठरवली नाही तर गिऱ्हाईक आपापसात अशी ठरवतात. मोठ्या कंपन्यांना हे आवडत नाही, म्हणूनच मी सांगतो आहे.

स्टीमवर 2015 च्या नोव्हेंबरात रुपया आला, त्याआधी इथेही डॉलरच होता. वॉल्व्ह दर देशासाठी सुचवलेल्या किमतींचा तक्ता प्रकाशकांना देतं आणि ऑक्टोबर 2022 मध्ये त्याने तो वरच्या दिशेने सुधारला. पण तक्ता ही फक्त सूचना असते, आकडा प्रकाशकच टाकतो. कुणी विचार करून टाकतो, तर कुणी डॉलरला गुणून जेवायला जातो. मग त्याच्या कंपनीत पुढे बैठक होते: ‘भारतात विक्री का नाही?’ आणि कुणीतरी गंभीरपणे म्हणतं, तिकडे पायरसी फार आहे. वॉल्व्हचे गेब न्यूवेल 2011 मध्येच म्हणाले होते की पायरसी हा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न असतो, आणि उदाहरण रशियाचं दिलं होतं. काळ्या मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवर ज्यांचं बालपण गेलं त्यांना विचाराल तर किमतीचाही होता हो, बराच होता.

युरोपकडे आशेने पाहायचं असेल तर पाहा. तिथे युरोपीय आयोगाने जानेवारी 2021 मध्ये वॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून 78 लाख युरो दंड केला, कारण पोलंड, हंगेरीसारख्या देशांत घेतलेल्या गेमच्या ‘की’ (गेम सुरू करायचे कोड) शेजारच्या देशांत चालत नव्हत्या. एकाच बाजारात कुंपण घालू नका, असा निवाडा. आपल्याला लागू करायचा तर माळव्याला आधी युरोपीय संघात घालावं लागेल. इंदूरची महापालिका स्वच्छतेत पहिला नंबर आणते, तिला सांगून पाहा.

राहता राहिला निन्टेन्डो. भारतात या जपानी कंपनीचं अधिकृत ऑनलाइन दुकानच नाही, त्यामुळे तिचा स्विच हा कन्सोल घेणाऱ्याला आपला देश आपणच निवडावा लागतो, ही एक वेगळीच श्रीमंती. स्वस्त म्हणून जपानकडे वळाल, तर जपानी दुकानाने मार्च 2025 पासून परदेशी क्रेडिट कार्डं घेणं थांबवलं. पण खरी कल्पकता त्यांनी स्विच 2 मध्ये दाखवली. जपानात त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या: सगळ्या भाषांची 69,980 येनला, आणि फक्त जपानी भाषेची, जपानी खात्यांवरच चालणारी, 49,980 येनला. वीस हजार येनचं कुंपण, आणि ते भाषेचं. पिगूंना हे सुचलं नव्हतं.

तेव्हा माझा शेवटचा सल्ला असा की आपण सह्या गोळा करून ‘फक्त मराठी’ आवृत्तीची मागणी करावी. मेनू मराठीत, सूचना मराठीत, खलनायकाची धमकीसुद्धा मराठीत, आणि किंमत निम्मी. दादा न्यू जर्सीतून ती घेऊ शकणार नाही, कारण त्याच्या मुलांना ‘सत्तावन्न’ कळत नाही. गिऱ्हाईक खरंच मराठी आहे की नाही हे तपासायला एखादी तोंडी परीक्षा ठेवावी लागेल आणि परीक्षक अर्थातच पुण्याहून येतील. तुम्ही आत जाल, नमस्कार कराल आणि म्हणाल, “मी केव्हाचा वाट पाहून राहिलो होतो.” ते चष्म्यावरून पाहतील आणि तुम्हाला पूर्ण किमतीच्या रांगेत पाठवतील.