येवलेकर, पण कोणापैकी?

आज सकाळी बारा तास उपाशी राहून नाशकातल्या अशोक स्तंभाजवळच्या एका लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो, तर पावतीवर मी 'येवलकर' झालेला. "एका मात्रेने काय होतंय, काका?" काउंटरवरची मुलगी म्हणाली. काका!

मात्रा एकच, पण भानगड तिथेच आहे. गावाला 'कर' जोडायचा धड नियम मराठीत नाही. पुण्याचा पुणेकर होतो, त्याचा 'ए' शाबूत राहतो. निफाड तालुक्यातल्या शिरवाडे गावचे मात्र शिरवाडकर झाले. त्यातल्याच एकांना आपण कुसुमाग्रज म्हणतो. आणि इंग्रजीत तर आनंदच. येवल्याच्या इंग्रजी पाटीवर 'व्ही' नाहीच, वाय-ई-ओ-एल-ए. त्यामुळे एका कागदावर ओ, दुसऱ्यावर व्ही, तिसऱ्यावर डब्ल्यू. आधार-पॅन जोडताना संगणक अक्षराला अक्षर लावून बघतो, उच्चार त्याला ऐकू येत नाही. त्यात आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. तेव्हा आधी बाकीच्या कागदांवरचं स्पेलिंग एक करून घ्यावं, मगच आधारला हात लावावा.

हे सगळं मी त्या मुलीला सांगत होतो. ऐकलं शेजारच्या काकांनी. मफलर, माकडटोपी, आणि मांडीवर रुमालात गुंडाळलेली नमुन्याची डबी, प्रसादासारखी जपून धरलेली.

"येवलेकर म्हणजे येवल्याचे?"

"पूर्वीचे."

"पैठणीवाले?"

"नाही."

"मग तात्या टोप्यांच्यातले?" तात्यांचा जन्म येवल्याचा आणि घराण्याचं आडनाव येवलेकर, हे काकांना ठाऊक होतं. क्षणभर आदर वाटला.

"त्यांच्यातलेही नाही."

"मग तुम्ही कोणापैकी?"

आलं! या चौकशीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आडनावावरून कळलं नाही तर मूळ गाव, गावावरून नाही तर कुलदैवत, तिथेही अडलं तर खाणंपिणं. जात हा शब्द कोणी उच्चारत नाही, सुसंस्कृत शहर आहे.

"कुलदैवत?"

"सप्तशृंगी."

काका अडले. वणीची देवी अर्ध्या जिल्ह्याची कुलस्वामिनी. डबी या हातातून त्या हातात गेली.

"नॉनव्हेज चालतं का?"

"आत्ता चहासुद्धा चालत नाही. फास्टिंग आहे."

मुळात 'कर' हे फार कुचकामी भिंग आहे. येवल्यात राहणाऱ्याला येवल्यात कोण येवलेकर म्हणणार? गाव सोडलं की ते चिकटतं, मग सोडणारा विणकर असो, सोनार असो नाहीतर भिक्षुक. हुद्द्यांच्या आडनावांचंही तेच. कुलकर्णी गावाचा हिशेब लिहायचा, देशपांडे परगण्याचा. चिटणीस, पोतनीस, पारसनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. म्हणजे आपली बरीच खानदानी आडनावं ही कचेरीतल्या जागांची नावं आहेत. पाटीलकी मराठ्यांकडे होती, माळ्यांकडे होती, लिंगायतांकडे, जैनांकडे, मुसलमानांकडेही होती. देशमुखांत मुसलमान आहेत. या भिंगातून बघून काय दिसणार?

पण बघतात. भाड्याचा फ्लॅट विचारायला फोन केला की आधी आडनाव, मग तुम्ही किती जण, डिपॉझिटचं नंतर. 'कर' ऐकून अंदाज आला नाही तर गाव. गावाने भागलं नाही तर फ्लॅट कालच गेलेला असतो, आणि त्याची जाहिरात पुढचा महिनाभर दिसत राहते.

"राग मानू नका हं," काका म्हणाले, "आपलं सहज विचारलं. माणूस कळला की बरं असतं."

"तुमचं आडनाव?"

ते तोंड उघडणार तेवढ्यात आतून हाक आली, "पाटील!"

तिघे उठले. डबी सावरत तिसरे काका.

"कोणते पाटील?" मुलीने विचारलं.