‘विकत घ्या’ म्हणजे नक्की काय?

“ई-पुस्तक एकदा विकत घेतलं की ते कायमचं तुमचं” हे ई-पुस्तकांवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, ज्यांनी पुस्तकात टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलरही मिळाले. पण टिपणं गेली ती गेलीच. पुस्तक आपल्या हातात असलं तरी डीआरएमच्या, म्हणजे फाइलची नक्कल आणि वापर यांवर बंधन घालणाऱ्या डिजिटल कुलपाची किल्ली कंपनीकडे असते. लेखात या कुलपाचा साधा उल्लेखही नाही, तो यायलाच हवा होता.

माझ्या आईसाठी मी एका ॲपवर पंधराएक मराठी पुस्तकं घेतली होती, अक्षर मोठं करून वाचता येतं म्हणून. ॲप बंद पडलं आणि तिचं एक पुस्तक अर्ध्यावरच राहिलं. हे मला अजून लागतं. छापील असती तर वाचून झाल्यावर मावशीला दिली असती, नाहीतर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत विकली असती. आता कुलूप नसलेली ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलचा एक प्रकार) फाइल मिळत असेल तरच घेतो आणि लगेच हार्ड डिस्कवर एक प्रत ठेवतो.