पात्यावर परकी अक्षरं, म्हणून तलवार मराठ्यांची नाही?

घरातल्या जुन्या तलवारींबद्दल एक मेसेज सतत फिरत असतो. लिंबू-राखेने तलवार चकचकीत घासा. रोमन अक्षरं निघाली तर ती मराठ्यांची नाही, आकडे निघाले तर ते साल, पाण्यासारखी नक्षी निघाली तरच पोलाद अस्सल. वर, ‘खरी तलवार सात-आठ किलोची’. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी अक्षरं, कारण सर्वांत मोठा अन्याय तिथेच होतो. युरोपातली पाती समुद्रमार्गे इथे येत आणि आपले कारागीर त्यांना आपल्या घाटाची मूठ चढवत. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून मिळवलेली तलवार पाहा. पातं युरोपीय, सरळ, एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने नाव कुणाचं? बंगालवर स्वाऱ्या करणाऱ्या, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब असलेल्या नागपूरच्या रघुजी भोसल्यांचं! तिला परकी म्हणायची कुणाची छाती आहे? कोल्हापूरकरांकडून इंग्लंडच्या युवराजाकडे गेलेल्या ‘जगदंबा’ तलवारीचं पातंही युरोपीयच आहे.

उलट बाजूही लक्षात घ्या. इटलीतल्या जिनोव्हाच्या पात्यांवरच्या दातेरी चंद्रकोरी आपल्याकडच्या लोहारांनी सर्रास उतरवल्या. म्हणजे नुसत्या छापावरून पातं युरोपीय ठरत नाही आणि मूठ कुणाची, हेही कळत नाही.

आकड्यांचंही तसंच. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याच्या खुणेसोबत १४१४ असा आकडा आढळतो. ते पात्याचं साल नव्हे. त्याहून कितीतरी नंतरच्या पात्यांवरही तो आहे.

आता घासणं. जौहरदार, म्हणजे पाण्यासारखी नक्षी असलेल्या पोलादाची ही नक्षी पृष्ठभागावर अगदी बारीक असते. राखेने घासलं की ती दिसेनाशी होते आणि खरं पोलाद ‘नकली’ ठरतं. ती पुन्हा उठवायला जाणकाराचा हात आणि योग्य रसायन लागतं. मुठीवरचं कोफ्तगारीचं, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेल्या नक्षीचं सोनं मात्र एकदा खरवडलं की गेलंच. लिंबाचं आम्ल फटीत राहून गंज वाढवतं. पाण्यात भिजवणं, उकळणं तर नकोच: मूठ बहुधा लाख-राळेने बसवलेली असते, ती उष्णतेने सुटते. लाल, सुटा गंज मऊ कापड आणि हलक्या तेलाने हळूहळू काढा. काळपट, घट्ट थर तसाच राहू द्या.

वजनाचं तर तराजूच सांगेल. लढाईच्या तलवारी साधारण एक-सव्वा किलोच्या असतात.

तलवार दाखवायला नेताना मूठ, पातं आणि म्यान यांचे वेगवेगळे फोटो काढून ठेवा. मुठी बदलल्या जात, त्यामुळे तिन्हींचं वय वेगळं असू शकतं.