आतड्यातला कॅन्सर ‘चमकतो’, मग बायोप्सी कशाला? – या फॉरवर्डला उत्तर

आतड्याच्या कॅन्सरवरचा एक मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. दावे चार: नव्या फ्लुरोसन्स दुर्बिणीत कॅन्सर चमकतो, म्हणून बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) नको, गाठीचा तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो, कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासणं) निरुपयोगी असल्याचं परदेशात सिद्ध झालंय, आणि रोज रात्री एरंडेल घेतलं की काळजी मिटली. माझ्या मामीला शौचावाटे रक्त जातंय. हे वाचून ती तपासणीची ठरलेली तारीख रद्द करा म्हणाली, म्हणून लिहितोय.

मेसेजमधला फोटो ऑटोफ्लुरोसन्सचा, म्हणजे अस्तर आपोआप उजळण्याचा आहे: हिरव्या अस्तरावर किरमिजी डाग. त्यात चमकतंय ते निरोगी आतडं! निळा प्रकाश पडला की अस्तराखालचं कोलॅजन हिरवट उजळतं. गाठीपाशी अस्तर जाड होतं, रक्तही जास्त असतं, त्यामुळे तो उजेड दबतो. पण नुसत्या सुजेनेही तो दबतो. डाग कशाचा, हे तुकडा मायक्रोस्कोपखाली गेल्यावरच ठरतं. आणि हा प्रकाश काही पोटावरून मारत नाहीत. नळी तीच, आदल्या दिवशी पोट साफ करायला प्यायचं औषधही तेच.

एवढं मान्य करावं लागेल की साध्या प्रकाशात काही पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी, नजरेतून सुटतात. लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांत पहिल्या खेपेला साधारण पाचातला एक सुटलेला आढळला, त्यातही बारीक जास्त. फ्लुरोसन्सचा खटाटोप त्यासाठीच आहे, बायोप्सी टाळण्यासाठी नाही.

सगळ्यात घातक दावा ‘तुकडा काढला की पसरतो’ हा. याच भीतीने माणसं घरी बसतात आणि गाठ वाढत राहते. अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीचे आकडे २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या गाठी, म्हणजे अॅडिनोमा, काढलेल्या २,६०२ लोकांचा माग काढला, काहींचा तर २३ वर्षांपर्यंत. सर्वसाधारण लोकांच्या हिशेबाने त्यांच्यात आतड्याच्या कॅन्सरने सुमारे २५ मृत्यू अपेक्षित होते. झाले १२. कापल्याने कॅन्सर पसरत असता, तर हा आकडा निम्म्यावर कसा आला? रक्तस्राव होणं, आतड्याला भोक पडणं हे धोके खरे आहेत, पण विरळा. ते डॉक्टरांना जरूर विचारा.

‘परदेशात सिद्ध झालं’ म्हणतात तो २०२२ चा नॉर्डिक अभ्यास. त्यात कोलोनोस्कोपीला बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले, न आलेलेही हिशेबात धरले, तरीही दहा वर्षांत कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला. शिवाय तो काही त्रास नसलेल्या लोकांवर होता. रक्त जाणाऱ्या माणसाला तो लागूच होत नाही.

एरंडेलाने कोठा साफ होतो, पॉलिप जात नाही. आणि ‘मूळव्याधच असेल’ म्हणणाऱ्यांनाही सांगतो: मूळव्याध आणि पॉलिप एकाच वेळी असू शकतात, नुसतं रक्त पाहून फरक कळत नाही. मामीची तारीख आहे तीच ठेवलीय.