‘चार पावले टाकता आली, तर हाड शाबूत’ : अर्ध्या नियमाचा संदेश

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी एकदम आली, की आमच्या वर्धा-यवतमाळकडे धुऱ्यावरून घसरून किंवा काळ्या जमिनीच्या भेगेत पाय जाऊन घोटा मुरगळलेले लोक गावोगाव दिसतात. त्यांच्यासाठी मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे : चार पावले टाकता आली, तर हाड शाबूत समजा, डॉक्टरकडे गेलात, तर एक्स-रेचा भुर्दंड पडेल, गरम तेलाने चोळून, झटका देऊन घोटा बसवून घ्या, सूज उतरली, की कामाला लागा.

पहिले विधान हवेतले नाही, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. कॅनडातील ओटावा येथे 1992 मध्ये मांडलेल्या आणि आज जगभर वापरात असलेल्या, एक्स-रे हवा की नको हे ठरवणाऱ्या नियमात चार पावलांची अट आहे. पण ती लचकल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही पाहायची असते. शिवाय चालता आले, तरी दोन्ही बाजूंच्या घोट्यांच्या टोकावर व मागच्या कडेने वर सहा सेंटिमीटरपर्यंत हाड दाबून पाहायचे असते. तसेच तळपायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर हाताला लागणारा उंचवटा आणि आतल्या बाजूचे घोट्यापुढचे हाडही दाबून पाहतात. त्या उंचवट्याचे हाड मोडलेला माणूस लंगडत का होईना, बसथांब्यापर्यंत जाऊ शकतो. संदेशात पावले तेवढी आली, बोटाने हाड दाबून पाहणे गळाले.

भुर्दंडाचे म्हणाल, तर हा नियम मुळात अनावश्यक एक्स-रे टाळण्यासाठीच बनला आणि त्यामुळे त्यांचे प्रमाण सुमारे 30 ते 40 टक्क्यांनी घटते. हाडावर दुखत नसेल आणि चालता येत असेल, तर डॉक्टर एक्स-रे लिहीत नाहीत. लहान मुले किंवा मधुमेहाने पायाची जाणीव बोथटलेले लोक यांच्या बाबतीत मात्र नुसत्या नियमावर विसंबू नये.

झटक्याबाबत मला अजिबात सौम्य बोलता येत नाही. साध्या मुरगळीत बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारे पट्टे, ताणतात किंवा फाटतात. काही जागचे हललेलेच नसते, मग बसवणार काय? आणि खरोखर हलले असेल, तर ओढाताणीने नस वा रक्तवाहिनी दुखावू शकते. उसण भरल्यावर लोक पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाची लाथ खातात, ती निदान हलकी तरी असते! पहिले दोन दिवस गरम तेल व चोळणे टाळून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, पट्टी बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा.

सूज उतरणे म्हणजे अस्थिबंध सांधणे नव्हे. त्याला आठवडे लागतात. पहिल्या दिवशी सूज व वेदनेमुळे अस्थिबंध किती फाटला हे हाताने नीट कळत नाही, म्हणून चार-पाच दिवसांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. तेव्हा ते टाच पुढे ओढून सांधा किती सैल झाला आहे ते पाहतात आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम केव्हा सुरू करायचा, हेही त्याच वेळी सांगतात.